फीट उतरली, असं मी म्हणाले

त्या मुलीच्या मुठीत चाव्या मी कोंबल्या. दुसऱ्या कोणी नाही. गावात बरेच दिवस वेगळंच बोललं जात होतं, म्हणून हे आधी लिहिते.

आमचं गाव उरणच्या बाजूला आहे. पूर्वी गावाच्या तिन्ही अंगांना मिठागरं होती, आता दोन अंगांना कंटेनर रचून ठेवलेत. मी चौथी शिकले आणि मिठागरावर कामाला लागले. गुडघे गेले तेव्हा काम सुटलं. समाजमंदिर माझ्या घराला लागून आहे, म्हणून त्याच्या चाव्या गावाने माझ्याकडे दिल्या. बारसं असो, बचत गटाची बैठक असो, दार मी उघडते आणि मीच लावते.

आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी तिथे कराटेचा वर्ग भरायचा. सर पनवेलहून मोटारसायकलवर यायचे. तरुण माणूस, बोलायला नरम, पण एका फटक्यात पाच कौलं फोडायचा. वर्गात जास्त मुलीच होत्या. कुणी कॉलेजला पनवेलला जाते, कुणी कंटेनर यार्डातल्या ऑफिसात लागते, यायला अंधार होतो, म्हणून आयांनी घातल्या होत्या. माझी नात, मुलाची मुलगी, एकोणीस वर्षांची. ती सरांच्या हाताखाली लहान मुलींना शिकवायची. तिचा तपकिरी पट्टा होता. मी दारात खुर्ची टाकून बसायचे आणि चपला नीट लावून घ्यायचे.

मागच्या आळीतली एक सोळा वर्षांची मुलगी यायची. तिची आई यार्डाच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते. घरात ही मोठी आणि एक धाकटी. मोठी अंगाने बारीक, पण मागे सरायची नाही. माझी नात म्हणायची, "हिला मारायला भीती वाटते, अंगावरच येते."

तो शनिवार होता. पुढच्या महिन्यात पट्ट्यांची परीक्षा होती. सरांनी दोघींना एकमेकींसमोर उभं केलं. डोक्याला टोप, हातात मोजे. छातीला बांधायच्या ढाली वर्गात दोनच होत्या, त्या लहान मुलींनी घातल्या होत्या. नातीने समोरून लाथ उचलली, आणि त्याच वेळी ती मुलगी पुढे आली. लाथ छातीच्या मध्ये, जरा डावीकडे बसली. जोरात नव्हती. मी गोधड्या बडवते त्याहून कमी. मुलगी उभी राहिली. तिने हात वर केला, जसं खेळात थांब म्हणतात तसा, आणि दोन पावलं मागे जाऊन खाली पडली. हातपाय झटकू लागली. डोळे वर गेले.

मी खुर्चीवरून उठून आत गेले. गुडघे दुखत असताना मी इतक्या लवकर कशी पोचले, कोण जाणे.

"फीट हाय," मी म्हणाले. "सरका सगल्या. कोनी हात लावू नका."

माझ्या पाठच्या भावाला सातव्या वर्षापासून फीट यायची. तो पडला की आई त्याच्या मुठीत लोखंडी चाव्या द्यायची आणि नाकाला चामड्याची चप्पल लावायची. थोड्या वेळाने तो शांत व्हायचा आणि झोपायचा. आई गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. पुढे गावात कुणी पडलं की मलाच बोलवायचे. माझ्या हाताने फीट उतरते असं लोक म्हणायचे, आणि मीही ते मानायचे.

मी कमरेचा चाव्यांचा जुडगा काढला आणि तिच्या मुठीत घातला. मूठ उघडत होती, म्हणून मी माझ्या दोन्ही हातांनी ती आवळून धरली. एकीला चप्पल आणायला सांगितलं. नात खाली बसून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"आजी, हिचा श्वास बरोबर न्हाय."

"घोरतेय. आयकू येत न्हाय तुना? घोरतेय म्हंजे चाललाय श्वास."

खरंच आवाज येत होता. घशातून, मधूनच, मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तसं तोंड उघडून. सर जवळ आले. म्हणाले, "आजी, नक्की फीटच आहे ना?"

"सर, माझा जनम गेला यात."

सर मागे झाले. माझ्यासारख्या म्हाताऱ्या बाईला उलट विचारायचं नाही, असं त्यांना वळण होतं. वर्गात आणखी अठरा मुली होत्या. त्यातली एक तिच्या गळ्याशी हात न्यायला आली, तर मी तिच्या हातावर चापट मारली.

मग हातपाय झटकणं थांबलं. घशातला आवाजही थांबला. तोंड जरा निळसर दिसत होतं, पण आत ट्यूबलाइट एकच होती, मी म्हटलं उजेडामुळे असेल.

"उतरली फीट," मी म्हणाले. "पडू द्या जरा."

पाणी मागवून मी तिच्या तोंडात दोन चमचे घातलं. ते कोपऱ्यातून बाहेर आलं. मी पदराने पुसलं.

वर्गातल्या एका मुलीचा बाप गॅसच्या प्लांटवर कंत्राटी फिटर आहे. तो लेकीला न्यायला आला तो याच वेळी. दारात चप्पल काढता काढता त्याने विचारलं, "काय झाला?"

"फीट आलती. आता झोपलीय."

तो आत आला, खाली बसला, तिच्या नाकाशी गाल नेला आणि तिच्या छातीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काकी, सरक."

"अरे झोपू दे तिला."

"सरक म्हनलो ना. श्वास न्हाय हिला."

मी तरी मूठ धरूनच होते. त्याने माझं मनगट धरून मला बाजूला केलं. चाव्या फरशीवर पडल्या. त्याने तिच्या छातीच्या मधोमध एक तळहात ठेवला, त्यावर दुसरा ठेवला, कोपर ताठ केले आणि दाबायला लागला. इतक्या जोरात की मी ओरडले, पोरीची हाडं मोडशील. तो थांबला नाही. दाबता दाबताच सरांना म्हणाला, "ॲम्बुलन्सला फोन करा. आन दुसरा कोन येतो? मी दमलो की कोन दाबंल?"

कुणी पुढे आलं नाही.

"कोनालाच येत न्हाय? येवढी कौलं फोडता, आन कोनालाच न्हाय?"

हे वाक्य तो रागाने बोलला नाही. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. मग सर गुडघ्यांवर बसले आणि त्याने दाखवलं तसं करू लागले. पहिल्यांदा हात भलतीकडे ठेवले, ते त्याने सरळ केले.

ॲम्बुलन्स नाक्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकली असा फोन आला. शेजाऱ्याच्या गाडीतून नेलं. गाडीतही दोघं आळीपाळीने दाबत होते. मुलीची आई कॅन्टीनमधून सरळ हॉस्पिटलात पोचली, हाताला पीठ तसंच.

मुलगी गेली.

डॉक्टरांनी सरांना आणि त्या फिटरला जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून ऐकलं. छातीवर नेमक्या जागी, नेमक्या क्षणी मार बसला तर हृदयाची लय मोडते. मार जोराचा असावा लागत नाही. लय मोडली की रक्त डोक्याकडे जात नाही, आणि मग थोडा वेळ हातपाय झटकतात. ती फीट दिसते, पण ती वेगळी गोष्ट. घशातून येतो तो आवाजही श्वास नसतो. ढाल असती तरी खात्री नव्हती. फिटरने विचारलं होतं, "लगेच दाबला असता तर?" डॉक्टर म्हणाले, "वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. पण संधी होती, आणि ती मिनिटामिनिटाला कमी होत जाते." ती पडल्यापासून फिटर आत येईपर्यंत आठ-दहा मिनिटं गेली, असा सरांचा हिशोब. ती मिनिटं मी मूठ आवळून धरण्यात घालवली.

पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. गावाने तसं लिहून घेतलं नाही. गावात म्हणत, अमकीच्या नातीने लाथ घालून पोरगी मारली. दुकानात माझी नात गेली की बोलणं थांबायचं. तिने कॉलेज सोडलं. कराट्याचा पट्टा पाणी तापवायच्या चुलीत घातला. तो नीट जळेना, धूर झाला, तर लाकडाने आत ढकलत बसली.

"मीच मारली तिला," ती म्हणाली.

"लाथ तुझी व्हती. टाइम मी घालवला," मी म्हणाले.

"मग हे बाहेर सांग ना. मलाच का सांगतेस घरात?"

मी उत्तर दिलं नाही. चार महिने दिलं नाही. लाज वाटत होती असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खरं नाही. गावात मला वजन होतं. बाळंतीण अडली, विंचू चावला, की आधी माझ्या दारात माणूस यायचा. चौथी शिकलेल्या बाईला यापेक्षा काय मिळतं? ते जाऊ नये म्हणून एकोणीस वर्षांच्या पोरीला मी शिव्या खाऊ दिल्या. ती जेवायला बसायची तेव्हा मी तिच्या पानात जास्त मासा वाढायचे आणि गप्प बसायचे.

चार महिन्यांनी सर आले. बारीक झाले होते. वर्ग पुन्हा सुरू करायचा की सोडून द्यायचा, हे ठरत नव्हतं. म्हणाले, "आजी, काही पालक तयार आहेत. पण मलाच उभं राहवत नाही."

मी म्हणाले, "उभं नका राहू. आधी बसायला शिका. तो फिटर बसला तसा."

मी त्यांना सांगितलं ते असं. मिठागरावर नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिच्या हातात फावडं देत नसत. आधी पाय कसे जपायचे ते सांगत, कारण पायाची चीर खाऱ्या पाण्यात गेली की बाई कामातून जाते. जे काम जिथे इजा करतं, तिथली इजा त्या कामाबरोबरच शिकवायची. तुम्ही माणसाला माणसाच्या छातीत मारायला शिकवता. गळा आवळायला शिकवता, जमिनीवर आपटायला शिकवता. ती छाती बंद पडली तर काय करायचं, हे तुमच्या जागेत येणाऱ्या प्रत्येकाला यायला नको? भाजीवाल्याला नाही आलं तर मी समजू शकते. तुम्हाला कसं नाही आलं?

सर खाली बघत होते. म्हणाले, "आम्हाला कुणी शिकवलं नाही."

"मना पन न्हाय शिकवला. आन जो शिकवला तो चुकीचा."

फिटरला हे दाबणं प्लांटवर शिकवलं होतं; त्याने तिथल्या सेफ्टीवाल्या साहेबांकडून एका रविवारासाठी सरावाचा रबरी बाहुला मागून आणला. कमरेपासून वरचा, पाय नसलेला. मी दार उघडलं आणि मुलींच्या रांगेत जाऊन बसले. नात आली नाही. बाहेरून पाण्याला जाणाऱ्या दोघी-तिघी डोकावल्या. एक म्हणाली, "काकी, नातवंडा सोडून बाहुल्याशी खेलतेस कं आता?"

"तू पन ये. मेलीस तर तुना कोन दाबंल?" मी म्हणाले. त्या हसल्या आणि गेल्या. दोघी परत येऊन दारात उभ्या राहिल्या.

शिकायला अवघड काही नाही. हाक मारायची, खांदा हलवायचा. उत्तर नाही, श्वास नाही, किंवा नुसतीच मधूनच घरघर आहे, तर कुणाला तरी नाव घेऊन फोन करायला सांगायचं आणि लगेच दाबायला बसायचं. छातीच्या मधोमध, तीन बोटं आडवी ठेवली तर होतील तेवढं खोल. दाबून सोडायचं, छाती पुरती वर येऊ द्यायची. एका सेकंदाला एक नाही, दोनच्या जवळ. तीस झाले की येत असेल त्याने तोंडाने दोन श्वास द्यायचे, येत नसेल त्याने दाबतच राहायचं. बरगडी मोडली तरी थांबायचं नाही. बरगडी जुळते.

मोजण्यावरून मात्र घोळ झाला. मुली कराट्यातले जपानी आकडे मोजायच्या, ते दहापर्यंतच. मी मराठीत मोजायला लागले तर एकवीस, बावीस म्हणेपर्यंत हात मागे पडायचा, एकोणतीसला तर पार थांबायचा. फिटर म्हणाला, "काकी, तुझ्या एकोणतीसमध्ये मानूस मरंल. एक ते धा, तीनदा मोज." तेव्हापासून सगळ्याच तसं मोजतात. माझे गुडघे दोन मिनिटांत संपले. मुली मात्र दमत नव्हत्या. त्यांना गुडघ्यांवर बसायची सवय, एका तालात मोजायची सवय, सांगितलं की थांबायची आणि सांगितलं की सुरू करायची सवय. हे काम करायला यांच्याइतकी तयार माणसं गावात नव्हती, आणि त्या शनिवारी त्या अठरा जणी माझ्याभोवती उभ्या होत्या.

शेवटी फीट आली तर काय करायचं, तेही फिटरने सांगितलं. खरी फीट असेल तर आजूबाजूचं टणक सामान बाजूला करायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, थांबली की कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही, मुठीत काही द्यायचं नाही, आणि ती थांबल्यावर श्वास चाललाय का ते बघायचंच.

"मंग चावीने काय होता?" मी विचारलं.

"काय न्हाय होत, काकी. फीट आपोआपच उतरते."

म्हणजे भावाच्या वेळी मी काहीच केलं नव्हतं. तो आपला आपण उठत होता. आयुष्यभर मी त्याचं श्रेय घेतलं आणि त्या जोरावर एका मुलीपासून अठरा जणींना लांब ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या आळीत गेले. मुलीची आई कॅन्टीनमधून नुकतीच आली होती. धाकटी शाळेत होती. आईने बस म्हटलं नाही. मी उंबऱ्याच्या आत उभी राहून सांगितलं. मूठ, चप्पल, चापट, पाणी, सगळं. माझी नात श्वास बरोबर नाही म्हणाली होती आणि मी तिला गप्प केलं होतं, तेही सांगितलं.

ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "लाथ तुझ्या नातीचीच ना?"

"व्हय."

"आन हात तुझा."

"व्हय."

"चार महिने काय करत व्हतीस, काकी? मी तुझ्या नातीला रोज शिव्या दिल्या. देवासमोर बसून दिल्या."

मी तिथेच उभी राहिले.

तिने विचारलं, "आता येते तुना ता, छाती दाबायचा?"

"येते. माझे गुडघे टिकत न्हायत, पन येते."

"मना दाखव."

घरात गोधड्यांची वळकटी होती. ती तिने जमिनीवर ठेवली. मी बसले आणि दाखवलं. हात कुठे ठेवायचे, कोपर कसे ताठ ठेवायचे. मग तिने मला सरकवलं आणि स्वतः बसली. कॅन्टीनमध्ये कणीक मळणारे हात, तिला जोर शिकवावा लागला नाही. ती दाबत होती आणि मी मोजत होते. एक ते दहा, तीनदा. ती थांबली नाही, म्हणून मी परत मोजलं. गोधडीतून धूळ उडत होती. बरंच झाल्यावर ती थांबली आणि हात तसेच ठेवून म्हणाली, "येवढाच?"

"येवढाच."

"येवढाच व्हता तर…" ती म्हणाली, आणि वळकटी उचलून कडेला ठेवली. ती रडली नाही, मीही नाही. मी उठायला भिंत धरली. तिने हात दिला नाही. मी दारात पोचल्यावर मागून म्हणाली, "तुझ्या नातीला सांग, माझ्या धाकटीला शिकवायचा. लाथ न्हाय. ह्यो."

मी घरी येऊन नातीला तेवढंच सांगितलं. शेजारणीला सांगितलं, दुकानात सांगितलं, बचत गटाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. त्यानंतर माझ्या दारात विंचवासाठी कुणी आलं नाही. सगळे सरळ दवाखान्यात जातात. तसंच जायला हवं होतं आधीपासून.

वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा नात पहिल्या शनिवारी गेली नाही, दुसऱ्या शनिवारी गेली. पट्टा नव्हता, साधी ओढणी कमरेला बांधून गेली. धाकटी पुढच्या रांगेत बसली होती. नातीने तिच्यासमोर बसून तिचे हात धरून सरांनी वर्गासाठी विकत घेतलेल्या बाहुल्यावर ठेवले. दोघींमध्ये मोजण्याखेरीज शब्द झाला नाही. आता वर्गात नियम आहे. नवीन येणाऱ्याने पहिले चार दिवस लाथ-बुक्की शिकायची नाही, दाबायलाच शिकायचं. परीक्षेच्या दिवशी ते आलं नाही तर पट्टा नाही, कौलं कितीही फोडा. सरांनी पनवेलच्या वर्गातही तेच लावलंय. काही पालक कुरकुरतात की आम्ही पोरांना नर्स करायला पाठवलं नाही. मी दारात बसलेली असते. त्यांना मी सांगते काय झालं होतं ते, माझ्या नावासकट.

मुलीची आई रस्त्यात भेटते. माझ्याशी बोलत नाही, आणि ते बरोबर आहे. माझ्या नातीशी बोलते.